मागची जागा

एखाद्या कुटुंबाची परीक्षा कशावरून करावी, याविषयीं जाणत्यांचीं निरनिराळीं मतें आहेत. कोणी म्हणतात, ती त्या घरच्या स्वयंपाकघरावरून करावी; कोणी म्हणतात, अवेळीं आलेल्या पाहुण्याला मिळणाऱ्या वागणुकीवरून करावी. आमच्यासारख्या पुस्तकी माणसाला आजवर वाटत आलें कीं, ती पुस्तकांच्या कपाटावरून करावी. परंतु 2025 सालच्या ऑक्टोबर महिन्यांतील एका रविवारीं, अवघ्या दोन तासांत, आमचें हें मत पार बदललें. घरच्या मोटारींत मागच्या जागेवर कोण बसतें, एवढें पाहिलें म्हणजे त्या घराविषयीं आणखी कांहीं विचारावें लागत नाहीं, असें आतां आम्हांस वाटूं लागलें आहे. तें कां, याची ही हकीकत.

आमच्या घरीं माणसें सात. मातोश्रींचें वय 82, आत्याचें 80. त्यांच्या खालोखाल आम्ही उभयतां, आणि मग चिरंजीव, सूनबाई व कन्या. मोटार मात्र पांचांची, आणि तीही म्हातारी. दापोलीजवळच्या आमच्या मूळ गांवीं सातही जणांनीं एकत्र जावें, ही सर्वांचीच इच्छा. तेव्हां 2022 सालीं सात माणसांची गाडी घेण्याचा ठराव घरांत एकमतानें पास झाला. ठराव पास होणें आणि अंमलांत येणें यांत किती अंतर असतें, हें कॉलेजांत तीस वर्षें काढलेल्या माणसाला कोणी सांगावयास नको. त्यांतून चिरंजीवांचा या विषयाचा व्यासंग दांडगा. आज बाजारांत काय आहे यापेक्षां उद्यां काय येणार आहे, इकडे त्यांचें लक्ष अधिक. आम्हीं एखादी गाडी पसंत करावी, तोंच त्यांनीं म्हणावें, “बाबा, जरा थांबा. दिवाळीला हिचीच नवी येते आहे.” दिवाळी आली कीं ती नवी जुनी होई, आणि मार्चमध्यें येणारी तिसरीच कोणी तरी चिरंजीवांच्या मोबाईलवर झळकूं लागे. येणारी गाडी आलेल्या गाडीपेक्षां नेहमींच सुंदर असते, यांत शंका नाहीं. तिला ओरखडा पडलेला नसतो, तिचा हप्ता ठरलेला नसतो, आणि मुख्य म्हणजे तिच्यांत अद्यापि कोणी बसून पाहिलेलें नसतें.

या तीन वर्षांत आम्हांलाही बरेंच ज्ञान झालें. ‘स्टेशन वॅगन’ हें नांव मुळांत आगगाडीच्या स्टेशनावरून उतारू आणि त्यांच्या ट्रंका घेऊन जाणाऱ्या अमेरिकन गाडीचें. म्हणजे पुणें स्टेशनावरच्या आपल्या टांग्याची ती श्रीमंत चुलतबहीणच. मोटार लहान आणि कुटुंब मोठें, हें कोडें सोडविण्याचा प्रयत्न इटलींतील फियाट कंपनीनें 1956 सालींच केला होता. तिच्या ‘मुल्तिप्ला’ गाडींत सुमारें साडेतीन मीटरांच्या लांबींत तीन ओळी करून सहा माणसें बसविलीं होतीं. त्यासाठीं एंजिन मागें नेलें होतें आणि सारथ्याला थेट पुढच्या चाकांवर आणून बसविलें होतें. पुढें 1984 च्या सुमारास अमेरिकेंत क्रायस्लरनें आणि फ्रान्समध्यें रेनॉनें ‘मिनिव्हॅन’ म्हणतात ती पेटीसारखी उंच गाडी रूढ केली. पण पेटींत बसलेला गृहस्थ लांबूनच मुलाबाळांचा बाप म्हणून ओळखूं येतो, आणि कोणत्याही बापाला तें फार दिवस रुचत नाहीं. म्हणून मग ‘क्रॉसओव्हर’ अवतरली. 1994 सालच्या टोयोटाच्या ‘रॅव्ह-फोर’ सारख्या गाड्यांनीं हा मार्ग दाखविला: हाडें साध्या मोटारीचीं, पण वेष जीपचा. आपल्याकडे 1992 सालीं टाटांनीं ‘इस्टेट’ नांवाची वॅगन काढली, ती फारशी रुजली नाहीं. 1999 सालीं ‘वॅगन-आर’ आली. तिनें नांव वॅगनचें घेतलें, पण लांबी न घेतां उंची घेतली, आणि ती घरोघर गेली. 2012 सालीं ‘अर्टिगा’ आली, आणि तीन ओळींची मोटार मध्यम स्थितींतील गृहस्थाच्या अधिक आटोक्यांत आली.

या साऱ्या संसारावर आपल्या देशांत एका मापाचें राज्य चालतें. 2006 सालच्या अंदाजपत्रकांत 4 मीटरांच्या आंतील, लहान एंजिनाच्या मोटारींवरचा उत्पादनकर 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आणला गेला. तेव्हांपासून, शिंप्यानें उरल्या कापडांत सदरा बसवावा त्याप्रमाणें, कारखानदार मोटारी त्या मापांत बसवूं लागले. 2019 सालच्या रेनॉच्या ‘ट्रायबर’नें तर चार मीटरांच्या आंत सात माणसें बसविण्याची किमया केली. सातही जणांनीं बसावें, तर मागें सामानाला जागा 84 लिटर. शेवटची ओळ काढून घरीं ठेवावी, तर 625 लिटर. ही युक्ति चतुर आहे आणि प्रामाणिकही आहे. कारण माणसें न्यावींत कीं बोचकीं, हा निवाडा ती मालकाच्याच हातीं ठेवते. 22 सप्टेंबर 2025 रोजीं लहान मोटारींवरील वस्तु व सेवा कर 18 टक्क्यांवर आला, तेव्हांही चार मीटरांचें तें माप कायमच राहिलें. मोठ्या गाड्यांवरचा कर 40 टक्के झाला, तोही पूर्वीच्या कर-उपकरांच्या बेरजेहून कमीच; आणि चिरंजीवांपाशीं थांबण्याचें कारण उरलें नाहीं.

मात्र आकड्यांच्या या गर्दींत एक आकडा आम्हांला कोठेंच सांपडला नव्हता: शेवटच्या ओळींत बसणाऱ्याच्या गुडघ्यांचें त्याच्या हनुवटीपासून अंतर किती? आम्हीं तो प्रश्न चिरंजीवांस विचारला. ते हंसून म्हणाले, “बाबा, मागची ओळ कधींमधीं लागायची. आणि तिथं आत्याआजी बसेल कीं. ती कुठंही बसते.”

ती कुठेंही बसते! हें वाक्य आम्हांला नवें नव्हतें. आमच्या लहानपणापासून आम्ही तें ऐकत आलों होतों; इतकेंच नव्हे, तर आम्हीं स्वतःही तें अनेकदां उच्चारलें होतें. 1978 च्या मे महिन्यांत मुंबईचे काका आपली फियाट घेऊन पुण्यास आले आणि आम्ही नऊ माणसें तिच्यांतून गांवीं गेलों, तो प्रवास आम्हांस लख्ख आठवतो. तिचा गियर सुकाणूच्या दांड्याला असल्यामुळें पुढच्या सलग बांकावर तीन पुरुष ऐसपैस बसले होते. मागें आजी, आई, काकू आणि आत्या. आणि त्यांच्या मांड्यांवर आम्ही दोन मुलें. मागच्या चाकांना गति पोंचविणारा दांडा अशा गाड्यांत मधून जातो, आणि त्याच्यावर जमिनीला उंचवटा असतो. त्या उंचवट्याच्या दोहों बाजूंस पाय टाकून, मांडीवर आम्ही आणि हातांत फिरकीचा तांब्या, अशी आत्या भोर सोडून वरंध घाट उतरून गेली. तोंडांत आवळासुपारीचा तुकडा. पुढें 1996 सालीं आम्हीं एक जुनी व्हॅन घेतली. तिच्यांत समोरासमोर बसण्याच्या ओळी होत्या. म्हणजे मधल्या बांकावरच्या माणसांचीं तोंडें मागें आणि पाठ प्रवासाच्या दिशेला. त्या उलट्या बांकावर कोणी बसावयाचें, हा प्रश्न आमच्या घरीं कधीं निघालाच नाहीं. आत्या कुठेंही बसते. आवळासुपारीची पितळी डबी उघडून ती मुलांना एकेक तुकडा देई, आपण एक घेई, आणि आम्ही कौतुकानें म्हणत असूं, आत्याला आवळासुपारीची काय ही आवड!

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. आत्या ऐन तारुण्यांत विधवा होऊन आमच्या घरीं परत आली. जिल्हा परिषदेच्या शाळेंत तिनें मुलांना बाराखडी शिकविली, आणि त्या पगारांतून आमच्या कॉलेजची फी भरली. आम्हीं इंग्रजी घेऊन पदवी मिळविली आणि चार माणसांत व्याख्यानें देऊं लागलों, तें तिच्या जिवावर. हें ऋण आम्ही विसरलों होतों असें कोणी म्हणणार नाहीं. दरवर्षीं भाऊबीजेला वडिलांच्या माघारीं आम्ही तिला उत्तम लुगडें घेत असूं. फक्त गाडींतली जागा त्या हिशेबांत कधीं आली नव्हती.

त्या रविवारीं आम्ही सातही जण शोरूममध्यें गेलों. गाडी उंच, रुबाबदार, चाकांभोंवतीं काळी किनार ल्यालेली. मातोश्रींना पुढें बसविलें. विक्रेत्या तरुणानें एक कळ ओढतांच मधलें आसन दुमडून उभें राहिलें आणि मागें जाण्यास वीतभर फट झाली. कोणी कांहीं सांगण्यापूर्वींच आत्या त्या फटींकडे वळली. एक हात दाराला, एक आसनाला, पदर सांवरीत, उंच पायरीवर आधीं एक गुडघा टेंकून ती आंत शिरली आणि शेवटच्या ओळींत जाऊन बसली. “कसं वाटतंय आजी?” असें त्या तरुणानें विचारलें. “छान आहे. मला पुरे,” आत्या म्हणाली. तो तरुण संतुष्ट झाला. चिरंजीवही संतुष्ट झाले. तिचे गुडघे जवळजवळ छातीशीं आले होते.

आम्हांला काय वाटलें कोण जाणे! गाडी चालवून पाहावयाची होती. आम्हीं आत्याला खालीं उतरविलें आणि म्हटलें, मागें आम्ही बसतों. चिरंजीव चालविणार, शेजारीं तो तरुण, मध्यें सूनबाई आणि कन्या, आणि शेवटीं आम्ही. चार किलोमीटरांचा तो प्रवास आमच्या आयुष्यांतील बऱ्याच लांबच्या प्रवासांहून लांब ठरला. गुडघ्यांचें दुःख आम्ही सांगत बसत नाहीं. तें अपेक्षितच होतें. बाजूची कांच जागच्या जागीं पक्की बसविलेली, ती उघडावयाचीच नव्हती. डोक्यामागें वीतभरावर मागची कांच. पण खरें नवल निराळेंच होतें. पुढें चौघांचें बोलणें रंगांत आलें होतें, हंसणें चाललें होतें. आणि आम्हांला त्यांतलें अर्धेंही ऐकूं येत नव्हतें. आम्ही दोनदां कांहीं बोललों. कोणीही मागें वळलें नाहीं. वर्गांत पन्नास मिनिटें दीडशें मुलांना गप्प बसविणाऱ्या आम्हांला त्या ओळींत आवाजच उरला नव्हता. समोर दिसत होतीं तीं फक्त चार डोकीं, पाठमोरीं. आत्यानें आमचें कुटुंब आजवर असेंच पाहिलें असेल काय?

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं तिला सरळच विचारलें, “आत्या, गाडींत तूं आवळासुपारी कां खातेस?” ती हंसली. “अरे, मळमळायचं रे. घाटांत तर फारच. मग जरा तोंडांत काही आंबटखारट असलेलं बरं.” “मग इतक्या वर्षांत बोलली कां नाहींस?” “त्यांत काय बोलायचं? सगळ्यांनी मिळून जायचं ना?” मातोश्री शेजारींच वाती वळीत बसल्या होत्या. मान वर न करतां त्या म्हणाल्या, “मला ठाऊक होतं. पण पुढची जागा एकच असते.”

आम्ही दोघींकडेही पाहात राहिलों. त्या एका वाक्यांत आमच्या घरचा पन्नास वर्षांचा इतिहास होता, आणि तो लिहिण्यांत आमचाही हात होता. त्याचा दोष कोणा कारखानदारावर ढकलतां येण्यासारखा नव्हता. कारखानदार ओळी करून देतो. कोणी कोणत्या ओळींत बसावें, हें आपण ठरवितों, आणि बहुधा न बोलतां ठरवितों. चिरंजीवांना आम्हीं एवढेंच सांगितलें कीं, इतउत्तर कोणतीही गाडी आधीं मागच्या जागेवर बसून पाहावयाची, आणि तेंही ज्याला गाडी हवी आहे त्यानें.

तो नियम लागू होतांच चिरंजीवांची यादी भराभर आंखूड होऊं लागली. शेवटीं आम्हीं घेतली ती येणारी नव्हे, तर आलेली. सातांची नव्हे, तर पांचांचीच. तिचें दार रुंद उघडतें, आणि आसन असें कीं म्हाताऱ्या माणसाला वर चढावेंही लागत नाहीं व खालीं वांकावेंही लागत नाहीं. राहिलेल्या दोघांनीं एस्. टी.नें जावें, असें ठरलें. सातांनीं एका गाडींतून जाण्याचा आमचा ठराव अशा रीतीनें बारगळला, तरी गांवच्या ओटीवर आम्ही सातही जण संध्याकाळीं एकत्रच बसलों.

डिसेंबरांतील त्या पहिल्या प्रवासाला चिरंजीव आणि सूनबाई पहांटेच्या गाडीनें पुढें गेलीं. कन्या चालवीत होती. निघतेवेळीं मातोश्री कोणी न सांगतां मागचें दार उघडून खिडकीशीं जाऊन बसल्या आणि आत्याला म्हणाल्या, “वन्सं, आज तुम्ही पुढं.” आत्या पुष्कळ नको नको म्हणाली, आणि मग संकोचून पुढें बसली. मागें मातोश्री आणि सौभाग्यवती यांच्या मध्यें, गुडघे जुळवून, आम्ही.

ताम्हिणीचीं वळणें सुरू झालीं. आत्या कांचेंतून पुढचा रस्ता पाहात होती, आणि लहान मुलाप्रमाणें दर वळणाला कन्येला कांहीं तरी दाखवीत होती. तिच्या मांडीवरची डबी तिनें उघडली नव्हती. तिसऱ्या कीं चवथ्या वळणावर तिनें मागें वळून आमच्याकडे पाहिलें आणि हात लांब करून ती डबी आमच्यापुढें धरली.

“मध्यें बसलायस ना, ठेव जवळ.”

आम्हीं निमूटपणें ती घेतली. तिची आम्हांला खरोखरच गरज होती.