मे सोडा, जून धरा!

मे उजाडला की जानेफळहून दादाचा फोन ठरलेला. "पोरं इमॅजिका इमॅजिका करू राहिले, येऊ का घेऊन?" तुम्ही हो म्हणता, रविवार ठरवता आणि खोपोलीला पोचता तर अख्खं पुणे-मुंबई आधीच रांगेत!

बॉस, फंडा सोपा आहे. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात. 2025 मध्ये बाकी महाराष्ट्रात 16 जूनला घंटा वाजली, विदर्भात 23 जूनला. म्हणजे इकडची बहुतेक मुलं वर्गात आणि बुलढाण्याची अजून सुट्टीवर! त्या आठवड्यातला मंगळवार-बुधवार पकडा. तारखा दरवर्षी बदलतात, त्यामुळे आधी त्या बघा, मगच सीएल टाका.

दादाने मेहकरला समृद्धीवर चढावं, छत्रपती संभाजीनगरला उतरून अहिल्यानगरमार्गे पुणं गाठावं. रात्रभर ड्रायव्हिंग नको. आदल्या दिवशी मुक्काम तुमच्याकडेच.

जून म्हणजे पाऊस. जोरात आला की उघड्यावरच्या राइड्स थांबतात. म्हणून गेट उघडताच नायट्रोसारख्या मोठ्या राइड्स उरका, छताखालच्या दुपारसाठी ठेवा. पुतण्यांची उंची घरीच मोजा, नाहीतर राइडच्या तोंडाशी रडारड होते. रेनकोट आणि कपड्यांचा जादा जोड हवाच.

आई-बाबा, दादा-वहिनी, पोरं आणि तुम्ही, सगळे एकत्र असे दिवस वर्षात येतात किती? त्यातला एक कुणाच्या तरी पाठीकडे बघत का घालवायचा?