म्हणे, नासाने सांगितलंय!

अनोळखी माणसाशी वाद घालण्यात एक वेगळीच मजा असते. ओळखीच्या माणसाशी घातला तर दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्याच्याच शेजारी बसून उपमा खावा लागतो. नवऱ्याशी घातला तर अख्खा वीकेंड जातो. पण नेटवरच्या माणसाला ना चेहरा, ना पत्ता. रात्री साडेअकराला तुम्ही त्याचा मुद्दा खोडून काढायचा, त्याने तुम्हाला ‘आधी अभ्यास वाढवा’ म्हणून सुनवायचं, आणि सकाळी दोघांनीही आपापल्या कंपनीच्या बसमध्ये डुलक्या काढायच्या. फुकटात टाइमपास, शिवाय वजन वाढत नाही!

मला हे व्यसन लागून बरीच वर्षं झाली. दिवसभर मी हिंजवडीत बसून दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढते. टेस्टर आहे. रात्री तेच काम बिनपगारी. विषय ठरलेले. देव आहे का, पत्रिकेतला मंगळ खरंच लग्न मोडतो का, मशीनला कधी मन फुटेल का. २१ सप्टेंबर १९९५ला गणपती दूध प्यायला होता की तो नुसता पृष्ठताण होता, यावरून आजही लोक हिरिरीने भांडतात. त्यातल्या निम्म्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

इंग्रजीत वाद घालताना तुम्ही बाई की बुवा हे कळत नाही. मराठीत मात्र दुसऱ्याच वाक्यात बिंग फुटतं. ‘मी वाचलं’, ‘मी तपासलं’, ‘मला वाटतं’ इथपर्यंत सगळं सेफ. पण एकदा का ‘मी म्हणते’ लिहून गेलं की संपलं. तोवर ‘साहेब, पुरावा द्या’ म्हणणारे लोक एकदम ‘ताई, तुमचा जरा गोंधळ होतोय’वर येतात. आवाज मऊ होतो, आणि समजावण्याचा सूर दोन पट्ट्या वर चढतो. म्हणून मी कितीतरी दिवस वर्तमानकाळ टाळून वाद घातलेत. करून बघा, सोपं नाहीये.

सगळ्या विषयांत एक विषय मात्र वर्षातून चारदा तरी उगवतोच. ‘संस्कृत ही कॉम्प्युटरसाठी जगातली सर्वोत्तम भाषा आहे, असं नासाने म्हटलंय.’ कधी जोडीला ‘फोर्ब्ज’चं नाव, कधी ‘सहाव्या पिढीचे कॉम्प्युटर संस्कृतवरच चालणार’ अशी पुरवणी. ‘फोर्ब्ज’चं ते पान दाखवा, असं मी आजवर किमान वीसजणांना म्हटलं असेल. एकानेही दाखवलेलं नाही. माझे यातले नेहमीचे भिडू म्हणजे टेक्सासवाले काका. हे नाव मी ठेवलंय. ते तिकडे तीस वर्षं आहेत आणि दर तिसऱ्या वाक्यात ते सांगतात.

तर मुळात हे प्रकरण आहे काय? १९८५ साली ‘एआय मॅगझिन’ या अमेरिकन नियतकालिकात रिक ब्रिग्ज नावाच्या संशोधकाचा एक लेख आला. ज्ञानाची मांडणी, संस्कृत आणि कृत्रिम बुद्धिमत्ता असा विषय. लेखकाच्या नावाबरोबर पत्ता होता नासाच्या कॅलिफोर्नियातल्या एम्स केंद्रातल्या एका संशोधन संस्थेचा. बस्स, नासाचा संबंध एवढाच. उद्या मी वरणफळांवर लेख लिहिला आणि खाली ऑफिसचा पत्ता टाकला, तर कंपनीने वरणफळांना मान्यता दिली असं होत नाही ना!

लेख मात्र भारी आहे, हे सांगायलाच हवं. माणसाची भाषा कॉम्प्युटरला समजावी म्हणून तेव्हा वाक्याचा अर्थ एका जाळ्यात मांडत असत. मध्ये क्रिया, तिला जोडलेल्या रेघा, आणि रेघांच्या टोकाला कोणी, काय, कशाने, कोणाला, कुठून. ब्रिग्जचं म्हणणं असं की भारतातले वैयाकरण आणि नैयायिक शतकानुशतकं वाक्याची जवळपास अशीच फोड करत आलेत. त्यांच्याकडे त्याला ‘कारक’ म्हणतात. आपलं साधं वाक्य घ्या: ‘आईने वाटीतून चमच्याने बाळाला वरण भरवलं.’ आता ‘आईने’ आणि ‘चमच्याने’ दोन्हीकडे ‘ने’ आहे. तरी चमचा उठून बाळाला भरवतोय असं कोणालाच वाटत नाही. आई कर्ता, चमचा करण. प्रत्यय तोच, नातं वेगळं. शब्दांची जागा हवी तशी फिरवा, ‘बाळाला भरवलं वरण आईने चमच्याने वाटीतून’ म्हणा, नाती हलत नाहीत. दिसणारा प्रत्यय वेगळा आणि आतलं नातं वेगळं, हा फरक आपल्याकडच्या व्याकरणाने दोन हजार वर्षांपूर्वीच पकडला होता.

पण ‘प्रोग्रॅम संस्कृतमध्ये लिहा’ असं त्या लेखात कुठेही नाही. माणसाची नैसर्गिक भाषासुद्धा कृत्रिम भाषेचं काम करू शकते, एवढाच त्याचा मुद्दा. त्यासाठी त्याने घेतली होती ती पंडितांची शास्त्रार्थाची काटेकोर संस्कृत. कवींची नव्हे! संस्कृतमध्ये संदिग्धताच नसते असं काका म्हणाले, तेव्हा मी त्यांच्यासमोर ‘राघवपांडवीय’ ठेवलं. कविराजाचं बाराव्या शतकातलं काव्य. तेच शब्द एका बाजूने वाचले तर रामाची गोष्ट, दुसऱ्या बाजूने वाचले तर पांडवांची. एकाच ओळीचे दोन अर्थ लावून कवी अख्खं काव्य रचतो त्या भाषेत संदिग्धता नाही, असं कोण म्हणेल? त्यावर काका तीन दिवस गप्प होते. (चौथ्या दिवशी पुष्पक विमान घेऊन आले.)

आमच्या बाजूचे लोकही काही कमी नाहीत हं. ‘मेलेली भाषा, पोथ्या, भटजी’ एवढं बोलून मोकळे होतात. त्यांना विचारावं, पाणिनी उघडून पाहिलाय का, तर उत्तर नाही. अरे, चार हजारांच्या आसपास सूत्रं. एका नियमाचं उत्तर दुसऱ्या नियमाला पुरवायचं, सगळे स्वर ‘अच्’ या एका खुणेत आणि सगळी व्यंजनं ‘हल्’मध्ये बसवायची, दोन नियमांची टक्कर झाली तर कोणाचं चालेल याचाही वेगळा नियम. ती टक्कर नेमकी कशी सोडवायची यावर २०२२ मध्ये ऋषी राजपोपट यांचा केंब्रिजमधला प्रबंध गाजला आणि जाणकारांत लगेच वादही पेटला. प्रोग्रॅमिंगच्या भाषांचं व्याकरण लिहायची जी पद्धत बॅकस आणि नाउर यांच्या नावाने कॉलेजात शिकवतात, तिच्यात पाणिनीचंही नाव घाला, असं पीटर इंगरमन यांनी १९६७ मध्येच एका पत्रातून सुचवलं होतं. हे कुठल्या फॉरवर्डमध्ये येत नाही. कारण यात नासा नाही!

आणि गंमत बघा. ज्या नियमांच्या पद्धतीमुळे संस्कृतचं कौतुक चाललं होतं, तिला आजच्या एआयने केव्हाच मागच्या बाकावर बसवलंय. आजची मॉडेल्स व्याकरणाची सूत्रं पाठ करत नाहीत. ती ढिगाने मजकूर वाचतात आणि त्यातून पुढचा शब्द काय असेल ते शिकतात. म्हणजे कॉम्प्युटरसाठी चांगली भाषा कोणती? जिच्यात ढीग मोठा ती. इंग्रजी! आपली मराठी बोलणारी आठ कोटींहून जास्त माणसं असून नेटवर तिचा ढीग केवढासा. संस्कृतचा तर आणखी छोटा, आणि त्यात संधीने शब्द असे चिकटलेले की कुठे तोडायचं हाच प्रश्न. पॅरिसमध्ये जेरार ह्यूए नावाच्या संशोधकाने हे संधी सोडवणारं सॉफ्टवेअर करण्यात वर्षानुवर्षं घालवली. इथे पुण्यात, येरवड्याला, डेक्कन कॉलेजमध्ये १९४८पासून संस्कृतचा महाकोश चालू आहे. जवळपास एक कोटी चिठ्ठ्या कपाटांत रचून ठेवल्यात. ‘जगातली सर्वोत्तम भाषा’ म्हणणाऱ्या किती जणांनी ती कपाटं पाहिलीत?

वाद रंगात आला की हमखास एक प्रश्न येतो. ‘तुम्ही आस्तिक की नास्तिक, आधी ते सांगा.’ जसं काही ब्लड ग्रुप विचारताहेत. खंडेनवमीला आमच्या टीमच्या मॉनिटरला मी स्वतः झेंडूची माळ घालते, पेढा खाते आणि दुसऱ्या मिनिटाला त्याच मॉनिटरवर बग नोंदवते. काय लिहायचं फॉर्मवर? मी अशा वेळी डोनाल्ड नूथ यांचं नाव घेते. कॉम्प्युटर सायन्सच्या कुठल्याही पोराने त्यांच्या ग्रंथांपुढे हात टेकलेले असतात. ते श्रद्धाळू ल्यूथरन ख्रिश्चन आहेत. त्यांनी बायबलमधल्या प्रत्येक पुस्तकातलं तिसऱ्या अध्यायाचं सोळावं वचन नमुना म्हणून घेतलं, आपण सर्व्हेसाठी घरं निवडतो ना तसं, आणि त्यावर १९९१ मध्ये अख्खं पुस्तक काढलं. बायबलमध्ये आधीच कॉम्प्युटर होता, असं मात्र ते कुठे म्हणाले नाहीत.

आता खरं काय ते सांगते. नासाचं ते वाक्य मी पहिल्यांदा नेटवर वाचलं नाही. मी ते नववीच्या वर्गात वाचलं, फळ्याशेजारी. माझे बाबा सांगली जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात एकतीस वर्षं संस्कृत शिकवत होते. वर्गात मी त्यांना ‘सर’ म्हणायचे. संस्कृत म्हणजे स्कोअरिंग, दहावीला टक्केवारी वाढते, म्हणून मुलं बसायची. अकरावीत पुस्तक रद्दीत. पालक सभेला यायचे आणि अगदी आदराने विचारायचे, ‘सर, याचा पुढे उपयोग काय?’ बाबांकडे त्याला एकच उत्तर होतं. कुठल्याशा पेपरातलं बोटभर कात्रण, पुठ्ठ्यावर चिकटवून वर प्लॅस्टिक लावलेलं. ‘कॉम्प्युटरसाठी संस्कृतच सर्वोत्तम : नासा.’ ते दाखवलं की पालक गप्प व्हायचे. मी कॉम्प्युटरला गेले त्यात त्या कात्रणाचाही थोडा हात आहे.

म्हणजे मी रात्री-अपरात्री टेक्सासपासून बेंगळुरूपर्यंत ज्यांचे मुद्दे खोडत होते, ते अनोळखी होते, पण वाक्य घरचंच होतं. बाबांपुढे हा विषय मी कधी काढला नव्हता. सेवानिवृत्त माणसाच्या भिंतीवरून काय काय उतरवायचं?

मागच्या दिवाळीत मात्र ब्रिग्जच्या लेखाची प्रिंट काढून घरी नेली. आठ पानं. फराळाचा डबा बाजूला सारून बाबांनी चष्मा लावला, कानावरची पेन्सिल काढली आणि पेपर तपासतात तसं वाचायला लागले. इंग्रजी सावकाश, संस्कृत भराभर. मध्येच ओरडले, ‘अगं, हा तर नागेशभट्ट! आपला काळे! काशीला जाऊन बसलेला!’ एम.ए.ला असताना त्याच्या ‘मंजूषे’ने किती छळलं ते सांगितलं. त्या जाळ्याच्या आकृत्या मी समजावल्या, तर म्हणाले, ‘हा शाब्दबोध झाला. मी फळ्यावर असंच काढायचो, आठवतं का? मध्ये धातू आणि बाजूने कारकं.’ आठवत होतं. चांगलंच.

शेवटचं पान संपवून त्यांनी पुन्हा पहिलं काढलं.

‘यात नासा कुठे आहे?’

‘पत्त्यात, बाबा.’

‘म्हणजे नासा काही म्हणाली नाही?’

‘नाही.’

‘मग मी इतकी वर्षं पोरांच्या आईबापांना काय सांगत होतो?’

अनोळखी माणसाला मी दोन मिनिटांत उत्तर देते. इथे मी चहा ठेवायला आत गेले.

चहा घेऊन आले तर बाबा माझ्या लॅपटॉपसमोर. काकांचा ताजा मजकूर उघडाच होता. काकांनी या खेपेला थेट संस्कृतात तोफ डागली होती. पहिलाच शब्द ‘नासेन’, म्हणजे नासाने. पुढे ‘उक्तम्’ वगैरे.

‘हे कोण गृहस्थ?’

‘टेक्सासला असतात. नेहमी वाद घालतात माझ्याशी.’

‘नासा म्हणजे नाक,’ बाबा म्हणाले. ‘आकारान्त स्त्रीलिंगी. माला चालते तशी चालते. मालया, तसं नासया. नासेन कुठून आणलं यांनी? लिही. आधी विभक्ती सुधारा म्हणावं, मग नासाचं बघू.’

मी तसंच्या तसं लिहिलं. ‘काका, माझे वडील म्हणतात’ असं सुरू करून, नाकासकट. पाच मिनिटं काही नाही. दहा मिनिटं. मग खाली ओळ उमटली : ‘आपले वडील संस्कृत कुठे शिकवत होते?’

बाबांनी खुर्ची पुढे ओढली.