विसाव्या जागचं अक्षर

हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिनचा जनुक अकराव्या गुणसूत्रावर असतो. संगणकात त्याची फाइल उघडली की पहिल्या ओळीत नाव, आणि खाली नुसती ए, सी, जी, टी. प्रथिन घडवणारा भाग अवघ्या 444 अक्षरांचा, मोबाइलच्या पडद्यावर मावेल एवढा. तीन-तीनच्या गटांनी वाचायचं : एटीजी, जीटीजी, सीएटी, सीटीजी, एसीटी, सीसीटी, जीएजी. या शेवटच्या जीएजीमधला ए म्हणजे विसावं अक्षर. तिथं टी आला की ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसतं. ऑक्सिजन कमी पडला की अशा हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. सिकलसेल आजाराचं मूळ हेच. गडचिरोलीतल्या कुरखेडा-कोरचीकडच्या कितीतरी घरांतली हातापायांची ठणक इथून सुरू होते.

जुनी पुस्तकं हा बदल 'सहाव्या' जागी सांगतात, नवे जनुकीय अहवाल 'सातव्या'. दोन्ही बरोबर. प्रथिन तयार होताना पहिलं मेथिओनिन छाटलं जातं. जुनी मंडळी ते धरत नसत. त्यात हा जनुक संदर्भ-जीनोममध्ये उलट्या धाग्यावर आहे, म्हणून तिथं ए-चा टी न दिसता टी-चा ए दिसतो. बायोइन्फर्मेटिक्स शिकणाऱ्या पोरांना पहिल्याच आठवड्यात हे एक उदाहरण द्यावं. मोजणी कुठून आणि कुठल्या धाग्यावर, हे न विचारता पुढं गेलेला निकाल कितीही सुबक छापला तरी बिनकामाचा.

संदर्भ-जीनोम म्हणजे ज्याच्याशी ताडून बाकीच्यांचे फरक काढतात तो नमुना. अक्षरं 300 कोटींच्या वर, आणि त्यातला सुमारे 70 टक्के भाग अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या एका निनावी माणसाचा! गोंड, हलबी, कंवर माणसाचं रक्त वाचलं तरी फरक मोजायचा तो त्याच्याशी. 2023 मध्ये 47 जणांचा मिळून 'पॅनजीनोम'चा मसुदा निघाला, आणि 'जीनोम इंडिया'नं भारतातल्या 10 हजार जणांचे जीनोम वाचले. उशीर झाला, पण दिशा बरोबर आहे.

हिवताप आणि विसाव्या जागचं हे बदललेलं अक्षर यांचं जुनं साटंलोटं. एका पालकाकडूनच ते आलं, म्हणजे 'एएस' असला, तर फाल्सिपेरम हिवतापाच्या गंभीर रूपापासून बऱ्यापैकी बचाव होतो. राज्यात हिवताप जास्त असलेल्या जिल्ह्यांत गडचिरोली आहे, हे इथं आठवावं. मात्र सिकलसेल हा फक्त आदिवासींचा आजार, हा समज खोडायलाच हवा. विदर्भात तो बौद्ध, कुणबी, तेली घरांतही आहे.

दोघं भाऊ, दोघंही 'एसएस', म्हणजे दोन्ही पालकांकडून ते अक्षर आलेले. एक वर्षातून चारदा भरती होतो, दुसरा रोवणीला चिखलात उभा. अक्षर तेच, मग असं का? कुणाच्या अंगात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त टिकतं, कुणाला सोबत अल्फा थॅलेसेमिया असतो. बीसीएल11ए नावाचा जनुक गर्भातलं हिमोग्लोबिन दाबून ठेवतो; त्याचाच लगाम सैल करणारी जनुक-संपादन उपचारपद्धती 2023 मध्ये ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झाली. किंमत ऐकून कुरखेड्याचा माणूस हसेल. हायड्रॉक्सियुरियाची गोळीही हेच गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवते, आणि ती परवडते. माझ्या मते जीनोमशास्त्राची खरी गरज 'अक्षर तेच, मग असं का' या प्रश्नाला आहे. आजार ओळखायला ते लागत नाही.

आईबाप दोघं 'एएस' असतील तर मूल 'एसएस' निघण्याची शक्यता 'चारात एक' म्हणतात. पुष्कळ जण त्याचा अर्थ असा घेतात की पहिलं मूल आजारी निघालं, आता तीन सुटली. तसं नसतं. प्रत्येक गरोदरपणात नव्यानं 25 टक्के.

डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख यांची 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' ही कुरखेड्यातली संस्था 1984 ची. देशाची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली 1 जुलै 2023 ला, मध्य प्रदेशात शहडोलला. मधली 39 वर्षं मोजून घ्या.

सिकलसेलसाठी रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली तर तेवढा कागद घेऊन घरी परतू नका. तिच्यातून 'एएस' की 'एसएस' ते कळत नाही. एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस करून पॅटर्न लेखी मागा. आणि सहा महिन्यांखालच्या बाळाची सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली, तर तिच्यावर अजिबात विसंबू नका.