आंबा घाटाच्या वाटेवरची जुनी बुलेट

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे निघालात की वाघबीळ मागे पडते, बांबवडे येते आणि शाहूवाडी तालुक्याचा हिरवा मुलूख सुरू होतो. पुढे मलकापूर, त्यापुढे आंबा आणि घाट. जुलैत येथे भाताची खाचरे तुडुंब भरलेली असतात आणि आंब्याच्या अलीकडेच धुके रस्त्यावर उतरते. अशा रविवारी सकाळी चहाच्या टपरीपाशी थोडे थांबावे. घाटाकडे निघालेल्या मोटारसायकलींचे तांडे तेथे विसावतात.

या मंडळींना गाडी दिसण्याआधी तिचा आवाज ओळखू येतो. १९५५ पासून मद्रासेत तयार होऊ लागलेल्या बुलेटचा ठोका संथ आणि खोल. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून जावा आणि १९७३ पासून येझदी बनली. तिच्या दोन सायलेन्सरांतून फुटणारा नाद वेगळाच. तिच्यात किक आणि गिअर यांचा दांडा एकच, ही गंमत नातवंडांना आजही नवलाची वाटते. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. पण जावा हे नाव २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये नव्या रूपात परतले. नव्या गाड्या बटणावर सुरू होतात, ओल्या रस्त्यावर एबीएसमुळे चाक सहसा अडकून घसरत नाही. जुन्यांचे चाहते नव्यांना हसतात, नव्यांचे चाहते जुन्यांच्या तेलाच्या डागांना; आणि चहा मात्र एकत्र घेतात.

या गर्दीत सत्तरी ओलांडलेला एखादा चेहरा असतोच. अशाच एका गृहस्थांची हकिगत आपल्याला सांगावीशी वाटते. चाळीस वर्षे त्यांनी एकच बुलेट चालवली. किक मारताना त्यांचा गुडघा दुखू लागला, म्हणून मुलाने प्रेमाने बटणाची नवी गाडी आणून दिली. आठवड्याच्या आत कुत्रे आडवे आले. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या. नव्या गाडीत नेमके उलटे. डाव्या पायाने ब्रेक समजून गिअर दाबला आणि ते पडले. मनगटाचे हाड मोडले. संकटाच्या क्षणी माणूस विचार करीत नाही, अंगवळणी पडलेले तेच करतो. आणि उतारवयात जुने वळण पुसून नवे बसायला वेळ लागतो. म्हणून वडिलांसाठी गाडी बदलताना मोकळ्या मैदानावर काही आठवडे सराव होऊ द्यावा.

हाड जुळल्यावर ते परवान्याच्या नूतनीकरणासाठी फॉर्म १-ए घेऊन माझ्याकडे आले. पंचावन्नाव्या वर्षानंतर हे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते आणि त्यावर डॉक्टरची सही लागते. दिवसाच्या उजेडात २५ मीटरवरची नंबरपाटी त्यांना वाचता आली. एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आधीच झाली होती. परंतु मणक्याच्या झिजेमुळे मान खांद्याकडे वळेना, एका पायावर क्षणभरही तोल सावरेना. झोपेची गोळीही रोज चालू होती आणि तिची गुंगी सकाळपर्यंत उरत असे. मी सही केली नाही. त्यांनी कागदाची घडी घातली, नमस्कार केला आणि एक शब्दही न बोलता ते निघून गेले.

माझे कर्तव्य तेथे संपले, असा माझा समज होता. दोन महिन्यांनी त्यांच्या सूनबाई आल्या. मामंजी जेवण अर्धे टाकतात, ओसरीवर येत नाहीत, असे त्या सांगत होत्या. चौकशी केली तेव्हा कळले की घरच्यांनी किल्ली लपवली होती आणि बुलेट विकायला काढली होती. मी फक्त चालवणे थांबवायला सांगितले होते. घराने त्यांच्यापासून गाडीच काढून घेतली होती.

आम्ही मिळून नवी रीत घातली. किल्ली पुन्हा त्यांच्या खुंटीवर आली. दर रविवारी गाडी अंगणात उघड्यावर काढायची; बंद खोलीत इंजिन कधीच चालवायचे नाही, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू प्राणघातक असतो. आजोबा डिकॉम्प्रेसरचा दांडा दाबून अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणून देतात, आणि लायसन्स असलेला नातू किक मारतो. उजव्या पायाचा गिअर नातवाला त्यांनीच शिकवला. झोपेची गोळी हळूहळू कमी केली, मानेचे आणि तोलाचे व्यायाम सुरू झाले.

आपल्या घरीही असा प्रसंग येईल. तेव्हा केवळ वयाकडे पाहू नका. नजर, मान, तोल, साखर आणि औषधे तपासून घ्या. नाही म्हणावे लागले तर तोंडावर, कारणासह म्हणा. किल्ली लपवू नका. आणि चालवण्याच्या जागी दुसरे काय देता येईल, ते त्याच दिवशी ठरवा.

परवा आंब्याच्या टपरीवर ते दोघे भेटले. आजोबा मागे बसून आले होते, डोक्यावर हेल्मेट, अंगावर रेनकोट. नव्या येझदीवरचा एक तरुण बुलेटच्या कार्ब्युरेटरविषयी विचारत होता. आजोबांचा चहा निवून गेला होता, आणि बोलणे अजून संपले नव्हते.