थकलेला प्रतिध्वनि

व्हेरिएबल-गेन अ‍ॅम्प्लिफायर हा विषय मी गेलीं वीस वर्षें वर्गांत शिकवीत आलों आहें. परंतु त्याच्यामुळें माझ्या पोटांत गोळा उठला तो गेल्या श्रावणांत, सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलींत. आमची सौभाग्यवती पलंगावर निजली होती. डॉक्टरीणबाई तिच्या उजव्या कुशीवर यंत्राचें टोक फिरवीत होत्या. आणि पडद्यावर मूत्रपिंडाच्या कडेला एक वाटोळी आकृति दिसत होती. तिच्या आंत करडे ठिपके होते. ते मला मुळींच आवडले नाहींत.

मी घाबरलों कीं माझ्यांतला प्राध्यापक बोलूं लागतो. मनांतल्या मनांत मीं वर्ग भरविला. शरीरांतून ध्वनि सेकंदाला सुमारें १५४० मीटर धांवतो. म्हणजे दर सेंटिमीटर खोलीच्या जाण्यायेण्याला १३ मायक्रोसेकंद. वाटेंत तो थकतो. ३.५ मेगाहर्ट्झचा ध्वनि १० सेंटिमीटर खोल जाऊन परत येईपर्यंत सुमारें ३५ डेसिबेल गमावून बसतो. तेव्हां जो प्रतिध्वनि उशिरां येईल त्याला अधिक हात द्यावयाचा, हें अ‍ॅम्प्लिफायरचें काम. आणि तेंहि डेसिबेलच्या हिशेबानें, एकसारख्या चढानें.

हें साधणें सोपें नाहीं. गेन बदलावयास जावें, तों गोंगाट, विकृति, वेग, सारेंच बदलूं लागतें. म्हणूनच बॅरी गिल्बर्ट यांची युक्ति मला फार आवडते. तिच्यावर बांधलेल्या एडी-६०३ या चिपमधला अ‍ॅम्प्लिफायर आपला स्वभाव बदलतच नाहीं! त्याच्या आधीं रोधांची सात टप्प्यांची शिडी असते. दर टप्प्याला सिग्नल निम्मा होतो. नियंत्रणाचें व्होल्टेज २५ मिलिव्होल्टनें वाढलें, कीं शिडीवरची जागा एका डेसिबेलनें वर सरकते. आणि दोन टप्प्यांमधली वाट ट्रान्झिस्टरांच्या जोड्या अशा खुबीनें वांटून घेतात कीं कोठें धक्का बसूं नये.

“गेन जास्त झालाय वाटतं,” असें म्हणून बाईंनीं यंत्रावरच्या सरकत्या कळांपैकीं एक मागें ओढली. ठिपके विझले. वर्तुळ स्वच्छ, काळेंभोर राहिलें. तो नुसता फुगविलेला गोंगाट होता तर!

“आतां याच्या मागं बघा, सर.”

मागें एक उजळ पट्टा होता. पाण्यांतून जातांना ध्वनि जवळजवळ थकतच नाहीं. पण बिचाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला तें काय ठाऊक? तो घड्याळाकडे पाहून चालतो, आणि न आलेल्या थकव्याचीहि इमानेंइतबारें भरपाई करून मोकळा होतो. त्याच्या या आंधळेपणाची मीं वर्गांत कितीदां तरी थट्टा केली आहे. तोच आज साक्ष देत होता, कीं त्या गांठींत पाणी आहे, मांस नाहीं.

“साधी पाण्याची गांठ. काळजीचं कारण नाहीं,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनीं दिवा लावला.

“अहो, मघांपासून काय पुटपुटत होतां?” सौभाग्यवतीनें विचारलें.

“पस्तीस डेसिबेल.”

“असूं देत. आधीं हात द्या, मला उठूं द्या.”