कारेलीबाग, नवी गाडी आणि दाजींची पाठ

बडोद्याला अक्काकडे जायचं ठरलं की आमच्या घरी दोन दिवस आधीपासून पिशव्या भरायला लागतात. बेळगावचा कुंदा, सासुरवाडीहून आलेला गोकाकचा करदंट आणि अक्काच्या खास हुकमावरून दोन किलो शेंगाचटणी. येताना त्याच पिशव्यांतून लीलो चेवडो येतो. यंदा मात्र पिशव्या भरायला सवडच मिळाली नाही. अक्काचा फोन आला, "भाचा नवी गाडी घेतोय. बाप-लेकात चार दिवस बोलणं नाही. तू ये."

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. गाडीतलं मला कळतं ते एवढंच, की माझी जुनी गाडी चौदा वर्षं मी स्वतः चालवतो आणि आमच्या निपाणीच्या मेस्त्रीशेजारी स्टुलावर बसून तिचे सगळे आजार पाहिलेत. पण दाजींचा माझ्या शब्दावर विश्वास. म्हणून गेलो.

अक्काचं घर कारेलीबागेत. बडोद्यातला जुना मराठी माणूस दांडिया बाजार आणि रावपुऱ्यात सापडतो. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत आलेल्यांची ती वस्ती. आमचे दाजी मात्र फार नंतरचे. निपाणीहून नोकरीसाठी आले आणि विश्वामित्रीच्या अलीकडे कारेलीबागेत एक टेनामेंट घेऊन राहिले. तिकडे रांगेतल्या बैठ्या घराला टेनामेंट म्हणतात. पाण्याची टाकी, बहुचराजीचं देऊळ, व्हीआयपी रोड अशा खुणा सांगत रिक्षावाल्याला घर दाखवायचं. पहाटेसुद्धा अमितनगर सर्कलवर अहमदाबादला जाणाऱ्यांची गर्दी असते. कोण बसची वाट बघतोय, कोण टॅक्सीत चौथा भिडू शोधतोय. भाचाही आठवड्यातून तीनदा अहमदाबादला जातो, म्हणून ही गाडी.

भांडण गाडीवरून नव्हतंच. गाडी दोघांना पसंत होती. भांडण होतं ते खालच्या सस्पेन्शनवरून. एका आवृत्तीत ठरीव स्पोर्ट सस्पेन्शन, म्हणजे आखूड कडक स्प्रिंगा, कडक शॉकअब्सॉर्बर, आणि गाडी जमिनीला बोटभर जवळ. दुसरीत ॲडॅप्टिव्ह, म्हणजे रस्ता बघून स्वतःला बदलणारं. दुसरी महाग. भाच्याचं मन पहिलीवर. "मामा, जुओ ने, कशी बसलीय रस्त्यावर!" तो मोबाईलवर फोटो दाखवत म्हणाला.

आणि दाजींची पाठ? दोन वर्षांपूर्वी कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून ते बडोद्याबाहेर गेलेले नाहीत. रेल्वेनं एकदा प्रयत्न केला. हलत्या बर्थवर रात्रभर झोप नाही आणि पुढे आठ दिवस अंथरूण. निपाणीत त्यांचे थोरले भाऊ आहेत, वय शहाऐंशी. रोज संध्याकाळी फोन होतो, पण दोन वर्षांत भेट नाही. नवी गाडी आली की मागच्या सीटवर उशी घेऊन, थांबत थांबत, दोन मुक्काम करून जायचं, हे दाजींनी मनाशी ठरवलेलं. निपाणी इथून आठशेहून जास्त किलोमीटर. लेकाला त्यांनी हे एका शब्दानं सांगितलं नव्हतं. अक्कानं मला सांगितलं, स्वयंपाकघरात, हळू आवाजात.

मी भाच्याला म्हटलं, कागदावर भांडू नका. दोन्ही गाड्या चालवून बघू, पण चालवणारा तू आणि मागे दाजी.

इथे थोडं यंत्राबद्दल सांगायला हवं, कारण घोळ तिथेच होतो. गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. जुन्या ट्रकखालचा पाटा तोच. खड्ड्यातून गेलं की स्प्रिंग दबते आणि मग उसळत राहते. ती उसळी जिरवायचं काम शॉकअब्सॉर्बरचं, आमच्या मेस्त्रीच्या भाषेत शॉकअपचं. त्यात तेल असतं आणि ते बारीक वाटांमधून ढकललं जातं. वाट अरुंद तर गाडी कडक, रुंद तर मऊ. ठरीव सस्पेन्शनमध्ये या वाटा कारखान्यातच कायमच्या ठरतात. ॲडॅप्टिव्हमध्ये विजेवर चालणारी झडप सेकंदाच्या बारीकशा भागात वाट लहानमोठी करते. काही गाड्यांत झडपेऐवजी चुंबकानं घट्ट होणारं तेल असतं. ती पद्धत २००२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत प्रथम आली. आता हे आपल्याकडेही उतरलंय. महिंद्रानं नोव्हेंबर २०२४ मध्ये दाखवलेल्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या विजेच्या गाड्यांच्या वरच्या आवृत्त्यांत अशीच सोय आहे. मात्र एक गोष्ट शोरूममध्ये कुणी आपण होऊन सांगत नाही. साध्या ॲडॅप्टिव्हमध्ये बदलतो तो फक्त शॉकअप. स्प्रिंग तीच राहते, गाडीची उंचीही तीच. बटन दाबलं म्हणून सतरंजीची गादी होत नाही.

स्पोर्टवाली गाडी भाच्याच्या मित्राची होती. सकाळी सातला निघालो. अक्काच्या दारापासून मोठ्या रस्त्यापर्यंत सात बम्प आहेत, मी मोजले. पहिल्याच बम्पवर खालून खर्र असा आवाज आला. भाच्यानं माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर. तिसऱ्या बम्पनंतर आरशात दिसलं, दाजींनी वरची मूठ धरली होती आणि बोटं पांढरी पडली होती. तोंडातून शब्द नाही. बोलली ती अक्का, शेजारी बसलेली, "निधान, निधान." कारेलीबागेत चाळीस वर्षं काढली, घरात मराठी, दारात गुजराती, पण घाबरली की अक्काच्या तोंडी कन्नडच येतं. मराठीत निधान म्हणजे ठेवा आणि कन्नडमध्ये सावकाश. आपल्या भागात दोन्ही अर्थ एकाच घरात नांदतात. दुमाड चौकडी ओलांडून एक्स्प्रेसवेला लागलो तेव्हा मात्र त्याच गाडीनं मन जिंकलं. अहमदाबादपर्यंतचा हा त्र्याण्णव किलोमीटरचा रस्ता सपाट, आणि गाडी त्यावर रुळावर असल्यासारखी. भाच्याचं खोटं नव्हतं. एकट्या, धडधाकट माणसाचा रोजचा रस्ता हाच असेल तर ठरीव सस्पेन्शन प्रामाणिक गोष्ट आहे. ते काल होतं तसंच आज असतं, विजेचं काही नाही, आणि गळलं तर बदलायला स्वस्त.

दुपारी शोरूमची ॲडॅप्टिव्ह गाडी आली. तीन बटनं : कम्फर्ट, नॉर्मल, स्पोर्ट. कम्फर्टवर सातही बम्प कसे पार झाले कळलं नाही. दाजींचा हात मांडीवर. भाच्याचा चेहरा पडला, अक्काचा खुलला. मला वाटलं, निकाल लागला. पण एक्स्प्रेसवेवर वेगात गाडी नावेसारखी हेलकावे घ्यायला लागली आणि दहा मिनिटांत दाजी म्हणाले, "जरा थांबव, मळमळतंय." मऊ म्हणजे पाठीला चांगलं, हा माझाही समज होता. तो तिथे गळून पडला. प्रत्येक हेलकाव्याला पाठीचे स्नायू शरीर सावरायला बघतात आणि थकतात. मग नॉर्मलवर टाकली. दाजी आणंदपर्यंत खिडकीबाहेर शेतं बघत बसले, आणि परतताना चक्क डुलकी लागली.

आणखी एक गोष्ट मी दोन्ही गाड्यांखाली वाकून पाहिली. स्पोर्टवालीला एकोणीस इंची चाकं आणि टायरची कड चपटी, तीन बोटांची. दुसरीला सतरा इंची, आणि टायर चांगला फुगीर. म्हणजे सकाळच्या दणक्यांपैकी काही भाग सस्पेन्शनचा नसून टायरचा होता. बारीक खड्डे आधी टायरमधली हवाच पचवते. गाडी बघायला जाणाऱ्यांना माझं सांगणं आहे, बटनांच्या आधी टायर बघा. साधं सस्पेन्शन आणि लहान चाकं ही जोडी कित्येक घरांना पुरेशी आहे, पण तिची जाहिरात करून कुणाला काय मिळणार!

रात्री भाचा अंगणात बसला होता. बाजूच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून पुसट दिसते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री शहरात शिरली, मगरी सोसायट्यांपर्यंत आल्या आणि भाच्याची आधीची गाडी दोन दिवस पाण्यात उभी होती. तो म्हणाला, "मामा, खाली वायरी असलेली गाडी इथे घ्यायची?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, पाणी इंजिनापर्यंत चढलं तर साध्या शॉकअपची गाडीही वाचत नाही. पावसाळ्यात ती उंचावर नेऊन लावायची, दुसरा इलाज नाही. आणि हो, पाच-सात वर्षांनी हे शॉकअप गेले तर बिल बघून तुझ्याच पाठीला कळ येईल, तेवढे पैसे आतापासून बाजूला ठेव.

मग निपाणीचं सांगितलं. दाजींनी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. "पप्पांनी मला का नाही सांगितलं?" एवढंच विचारलं, आणि उठून आत गेला. आत बोलणं काय झालं, ते मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी ॲडॅप्टिव्ह गाडी नोंदवली, सतरा इंची चाकांवर. काळ्या रंगाचा हट्ट मात्र भाच्यानं सोडला नाही, आणि अक्कानं गुजराती उन्हाळ्याची आठवण करून दिली तरी ऐकलं नाही. गाडी मिळायला दोन महिने.

संध्याकाळी नेहमीच्या वेळी दाजींनी निपाणीला फोन लावला. नवरात्रानंतर निघू, वाटेत वापीला आणि पुण्याला मुक्काम, असं सगळं सांगून झालं. मग म्हणाले, "गाडीत तीन बटनं आहेत." पलीकडून थोरल्यांनी काय विचारलं, ते मला ऐकू आलं नाही.

"मधलं," दाजी म्हणाले.