अप्पूघराची वाट

दिल्लीला वळसा घालून जाणारी एक आगगाडी आहे. १९७५ साली मालगाड्यांच्या सोयीसाठी बांधलेला तो लोहमार्ग १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने उतारूंसाठी नीटनेटका करण्यात आला. हजरत निजामुद्दीनहून निघालेली गाडी शहराभोवती फिरून पुन्हा तिथेच येते. कुठे जायची घाई असलेला माणूस सहसा तिच्या वाटेला जात नाही. पण सरोजिनी नगरच्या सरकारी वसाहतीत राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाला या गाडीचे वेड लागले होते. वेड खरे म्हणजे एकट्या बाळला होते. बाकीच्यांनी ते त्याच्यासाठी लावून घेतले होते.

बाळ १९८१ सालचा. त्याचे नाव शाळेच्या दाखल्यावर चढावे असा योग लवकर आला नाही, म्हणून घरात तो बाळच राहिला. पाच वर्षांचा झाला तरी तो कोणाला हाक मारत नसे, हाकेला मान वळवत नसे. कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात ठेवून जमिनीला कपाळ टेकी. एका डॉक्टरांनी त्याला ‘मतिमंद’ म्हटले. दुसऱ्यांनी, मूल दोन वर्षांचे असताना आईने त्याला पुरेसे जवळ घेतले होते का, असे विचारले. मातेच्या कोरडेपणामुळे मूल असे होते, हे मत पश्चिमेत तेव्हा मोडीत निघत आले होते. पण ते मोडल्याची वार्ता त्या खोलीपर्यंत पोहोचली नसावी. त्या रात्री आईने पोळ्या केल्या, सर्वांना वाढले आणि स्वतः जेवली नाही.

या बाळच्या तोंडचे पहिले शब्द त्या गाडीने दिले. सरोजिनी नगर, लोधी कॉलनी, सेवा नगर, लाजपत नगर, निजामुद्दीन, प्रगती मैदान. एका संध्याकाळी अंथरुणात पडल्या पडल्या त्याने ही नामावळी ओळीने, एकही स्थानक न गाळता म्हटली. वडील दाराशी उभे राहून ऐकत होते. त्यांनी आईला हाक मारली नाही, कारण हाकेने ती मालिका तुटेल असे त्यांना वाटले.

प्रगती मैदानाच्या आवारात तेव्हा अप्पूघर होते. आशियाई स्पर्धांचे बोधचिन्ह असलेल्या हत्तीच्या पिल्लाचे नाव घेऊन ते १९ नोव्हेंबर १९८४ रोजी उघडले आणि आपल्या देशातले पहिले मनोरंजन उद्यान म्हणून नावाजले गेले. त्याच महिन्याच्या आरंभी या शहराने आपल्याच माणसांची घरे जळताना पाहिली होती. त्यानंतर इतक्या थोड्या दिवसांत मुलांच्या हसण्यासाठी एक जागा उघडावी, हा योग विचित्र होता. पण मुलांना पंचांग नसते. दिल्लीतल्या एका पिढीचे बालपण त्या फाटकातून आत गेले. गल्लीगल्लीतली मुले परीक्षेनंतरच्या सुट्टीत एकमेकांना एकच प्रश्न विचारीत : अप्पूघर झाले का?

ताई बाळपेक्षा चार वर्षांनी मोठी. तिचे ‘झाले’ नव्हते. म्हणून १९८६ च्या हिवाळ्यात चौघेजण निघाले. आईने पोळीचा लाडू आणि दहीभात डब्यात भरून घेतला. गाडीत बाळ खिडकीला नाक लावून बसला होता. तिथवर सारे ठीक होते. फाटकाच्या आत पाऊल पडताच कर्ण्यावरची गाणी, फिरत्या यंत्रांची घरघर, वरून येणाऱ्या किंकाळ्या आणि तेलात तळल्या जाणाऱ्या पदार्थांचा वास हे सारे एकदम त्याच्या अंगावर आले. आपले कान या गोष्टींची आपोआप प्रतवारी लावतात, नको ते मागे सारतात. ती चाळणी ज्याला जन्मतः मिळालेली नाही, त्याच्यापर्यंत प्रत्येक आवाज सारख्याच जोराने पोहोचतो. बाळ वाटेतच आडवा झाला आणि ओरडू लागला. भोवती कडे जमले. “लाडाने बिघडवला आहे,” असे कोणी म्हणाले. कोणी आईला झाडफुंक करणाऱ्याचा पत्ता सांगितला. वडिलांनी त्याला खांद्यावर टाकले. अर्ध्या तासात चौघेही पुन्हा फलाटावर होते. ताईच्या मुठीत पाळण्याचे न वापरलेले तिकीट होते. ते तिने पुढे कितीतरी दिवस भूगोलाच्या पुस्तकात ठेवले.

दुसऱ्या कोणी हा प्रयोग तिथेच सोडला असता. आईने सोडला नाही. तिने हट्ट धरला असे म्हणण्यापेक्षा, ज्या गावची भाषा येत नाही तिथे राहावे लागल्यावर माणूस जशी ती भाषा शिकतो, तशी ती शिकू लागली. गर्दी कधी नसते, कर्णा कुठल्या खांबावर आहे, कोणत्या बाजूने गेले तर तो पाठीमागे राहतो, हे तिने एकटीने जाऊन पाहून ठेवले. मग ताई शाळेत असताना, आठवड्याच्या अधल्यामधल्या दुपारी, फाटक उघडल्या उघडल्या ती बाळला घेऊन जाऊ लागली. कानांत कापसाचे बोळे, त्यांवर लोकरीची कानटोपी. पहिल्या दिवशी फक्त फाटकापर्यंत. दुसऱ्या वेळी आत दहा पावले. तिसऱ्या वेळी बाकावर बसून लाडू खाणे आणि परत. आज ज्याला पद्धतशीर नाव आहे, ज्याच्यासाठी तज्ज्ञ आहेत, ते तिने कोणाच्या सांगण्यावाचून केले. मूल घाबरते म्हणून जग टाळायचे नाही आणि मूल घाबरते तोवर त्याला जगात ढकलायचेही नाही, इतकेच तिचे शास्त्र होते.

असे करता करता एक दिवस बाळ लाकडी घोड्यांच्या चक्रापाशी पोहोचला. तो घोड्यावर बसला नाही. पुढेही कधी बसला नाही. कठड्याला हनुवटी टेकून तो उभा राहिला. चक्र सुरू होण्याआधी आतून एक बारीक खटका ऐकू येई. मग घोडे हलत, एक वर जाई तेव्हा शेजारचा खाली येई. वेग वाढे, रंग एकमेकांत मिसळत, आणि नेमक्या तितक्याच फेऱ्यांनी सारे पुन्हा मंद होत होत थांबे. या जगात माणसांचे चेहरे क्षणाक्षणाला बदलतात, आवाज चढतात, ठरलेले बेत मोडतात. ते चक्र मात्र आपला शब्द पाळी. खटका झाला की बाळ टाचा उचलून दोन्ही हात पंखांसारखे हलवी आणि हसे. दोन तास तो तिथे उभा होता. खेळ चालवणारा माणूस मधूनमधून त्याच्याकडे पाहून मान डोलवी, जणू आपल्या कामाचा खरा जाणकार आज भेटला.

पुढे या मुलांच्या अवस्थेला मराठीत ‘स्वमग्नता’ हा शब्द रूढ झाला. शब्द चांगला घडवलेला आहे, पण त्या कठड्यापाशी उभ्या असलेल्या मुलाला तो लागू पडत नाही. तो स्वतःत मग्न नव्हता. तो त्या चक्रात, त्या खटक्यात, घोड्याच्या पोटाखालच्या वंगण लावलेल्या दांडीत मग्न होता. तिकीट काढून वर बसलेल्यांपैकी कोणीही ते चक्र इतके पाहिले नसेल.

मग सुट्टीच्या दिवशी पुन्हा चौघे जाऊ लागले. बाळ कठड्यापाशी, आई त्याच्या उजव्या हाताला, वडील डाव्या हाताला, असा त्यांचा क्रम ठरून गेला. ताई कुठे असे, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. ती बहुधा पाण्याची बाटली धरून मागे उभी असे. एकटीने उंच पाळण्यात बसू देण्याइतकी ती मोठी नव्हती, आणि तिच्याबरोबर बसायला कोणी मोकळे नव्हते.

१९८९ च्या डिसेंबरात, ती बारा वर्षांची असताना, तिच्या वर्गातल्या दोन मुली तिथे भेटल्या. बाळ तेव्हा हात हलवत, घशातून एकसुरी आवाज काढत उभा होता. त्यांतल्या एकीने त्याच्याकडे पाहिले, मग ताईकडे पाहिले, आणि विचारले, “हा कोण?”

“आमच्या शेजाऱ्यांचा आहे,” ताई म्हणाली.

मुली पुढे गेल्या. ताईने मागे वळून पाहिले तर दोन पावलांवर आई होती. तिने ऐकले होते. ताईला त्या क्षणी वाटले असेल की आई ओरडेल, निदान डोळे तरी वटारील. आई काहीच बोलली नाही. तिने वडिलांपाशी जाऊन “याच्याजवळ थांबा” एवढेच सांगितले, पाळण्याची दोन तिकिटे काढली आणि ताईचा हात धरून रांगेत उभी राहिली.

पाळणा वर वर गेला. एका बाजूला पुराना किल्ल्याची तटबंदी दिसू लागली, दुसरीकडे धुक्यात यमुनेचा अंदाज लागत होता. अगदी वर गेल्यावर पाळणा क्षणभर थांबला. खाली कठड्याशी एक तांबडी कानटोपी दिसत होती. ताईला रडू कोसळले. “आई, मी...” असे ती म्हणू लागली, पण आईने तिला पुढे बोलू दिले नाही.

“अगं, तीन वर्षं झाली आपण इथे येतोय,” आई म्हणाली, “आणि तू आज पहिल्यांदा यात बसतेस. हे माझ्या लक्षातच आलं नाही.”

त्या दिवसापासून महिन्यातला एक दिवस ताईचा झाला. त्या दिवशी आई नाहीतर वडील, एकच कोणीतरी, फक्त तिच्याबरोबर बाहेर पडे. अशा घरांत एका मुलाचे दुखणे दिसते आणि दुसऱ्याचे शहाणपण गृहीत धरले जाते. शहाण्या मुलाला मात्र त्या शहाणपणाची किंमत गुपचूप मोजावी लागते. आईने ती उधारी वेळेवर ओळखली. तरीही ‘शेजाऱ्यांचा’ हा शब्द ताईच्या मनात राहिला. त्याबद्दल त्या दोघींमध्ये पुन्हा कधी बोलणे झाले नाही.

वर्षे गेली. १९९५ साली संसदेने अपंग व्यक्तींसाठी कायदा केला, पण त्यातल्या सात प्रकारांत बाळच्या अवस्थेचे नाव नव्हते. ते १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात आले, आणि २०१६ च्या नव्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत त्याला पक्के स्थान मिळाले. अपंग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीने खेळण्याचा हक्क आहे, असे सांगणारा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ साली मान्य केला. आईने गर्दी नसलेल्या दुपारी शोधून जे मिळवले होते, त्याला आता हक्क म्हणतात. कागदावर हे यायला वीस वर्षे लागली. तोवर बाळला मिशा फुटल्या होत्या.

अप्पूघर २००८ च्या फेब्रुवारीत बंद झाले. ती जमीन सर्वोच्च न्यायालयाच्या विस्तारासाठी हवी होती. २०१९ साली तिथे न्यायालयाच्या नव्या इमारतींचे उद्घाटन झाले. सत्तावीस वर्षांच्या बाळला हे कसे सांगावे, असा प्रश्न घरात पडला. वडील त्याला बंद फाटकापर्यंत घेऊन गेले. बाळने कुलूप हातात धरून पाहिले, सोडून दिले, आणि खटका होईल म्हणून बराच वेळ वाट पाहत राहिला.

ज्या पिल्लाच्या नावाने ते उद्यान ओळखले गेले, त्याची हकीकत कुटुंबाला फार उशिरा कळली. क्रीडास्पर्धांत अप्पू म्हणून मिरवलेल्या, केरळातल्या त्या हत्तीचे खरे नाव कुट्टिनारायणन. वयाच्या सातव्या वर्षी मैल्याच्या टाकीत पडून त्याचा पाय मोडला. तो पुरता बरा झाला नाही. त्या अधू पायावर त्याने उरलेले आयुष्य काढले आणि २००५ साली तो गेला. भित्तिचित्रांवर मात्र तो अखेरपर्यंत दोन पायांवर नाचतच राहिला. ताईने ही हकीकत वाचून दाखवली तेव्हा आई म्हणाली, “म्हणजे अप्पूही आपल्यातलाच होता.”

वडील २०१४ साली वारले. ‘आमच्यानंतर याचे कोण?’ हा प्रश्न अशा प्रत्येक घरात असतो. दिवसा तो कोणी उच्चारत नाही आणि रात्री तो कोणाला झोपू देत नाही. राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यानुसार प्रौढ अपंग व्यक्तीला पालक नेमून देण्याचे काम जिल्ह्यातल्या स्थानिक समितीकडे असते. त्या अर्जावर आईने ताईचे नाव सुचवले. ताईचे स्वतःचे घर आहे, दोन मुले आहेत; तिने विचार करायला वेळ मागितला असता तरी कोणी तिला बोल लावला नसता. तिने अर्ज तिथेच भरायला घेतला. नाव, वय, पत्ता, व्यवसाय. पुढे नात्याचा रकाना होता. तिथे तिची लेखणी थांबली. आई समोर बसून तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. मग ताईने त्या रकान्यात स्वच्छ, ठळक अक्षरांत लिहिले : सख्खा भाऊ. ‘भाऊ’ पुरेसे होते. ‘सख्खा’ हा शब्द त्या रकान्याने मागितला नव्हता.

आता ती दोघे मयूर विहारहून मेट्रोने जातात. यमुना ओलांडल्यावर इंद्रप्रस्थ येते आणि त्यापुढचे स्थानक प्रगती मैदानाचे. त्या स्थानकाला आता सर्वोच्च न्यायालयाचे नाव दिले आहे. ध्वनिक्षेपकावर तेच नाव सांगितले जाते. बाळच्या केसांत पांढरे दिसू लागले आहे. तो खिडकीच्या काचेला कपाळ टेकून ते नाव ऐकून घेतो आणि मग, चूक दुरुस्त करावी तशा शांतपणे, म्हणतो, “अप्पूघर.” डब्यातली माणसे वळून पाहतात. कधी एखादे शाळकरी मूल सोबतच्या मोठ्यांना विचारते, हे कोण?

“माझा भाऊ,” ताई सांगते, कोणी तिला विचारलेले नसले तरी.